आपल्या माणसांत हिशेब असावा काय?

आमच्या खेड्यांतून दोन वचनें वारंवार कानीं पडतात. एक असें कीं, "आपल्या माणसांत कसला आला हिशेब?" आणि दुसरें असें कीं, "भाऊ झाला म्हणून काय झालें, व्यवहार चोख पाहिजे." तोच मनुष्य सकाळीं पहिलें वचन बोलतो व संध्याकाळीं दुसरें बोलतो, आणि दोन्ही वेळां आपण शहाणपणाचें बोललों असें त्यास वाटतें. घरच्या माणसांनीं व मित्रांनीं एकमेकांसाठीं जें काम करावयाचें, जो वेळ द्यावयाचा, जो घाम गाळावयाचा, त्याची नोंद मनांत ठेवावी कीं ठेवूं नये, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण याच प्रश्नापायीं सख्खे भाऊ एका बांधाच्या दोन बाजूंस तोंड फिरवून बसलेले आपण पाहतों. आणि याच प्रश्नापायीं कित्येक घरांत एखादी सून तोंडांतून शब्द न काढतां आयुष्य झिजवीत असते. म्हणून या गोष्टीचा शांतपणें विचार करणें उचित आहे.

मिळून काम करण्याच्या ज्या जुन्या चाली आपल्या मुलुखांत आहेत, त्या प्रथम पाहूं. ज्याच्याजवळ एकच बैल आहे असा शेतकरी दुसऱ्या तशाच शेतकऱ्याबरोबर जोड जमवितो. आज याचें शेत, उद्यां त्याचें. यास सावड म्हणतात. खुरपणीस व कापणीसही सावड चालते; पांच जणी आज एकीच्या वावरांत खुरपें घेऊन बसतात, उद्यां त्याच पांच जणी दुसरीच्या वावरांत. दुसरी चाल इर्जिकीची. ज्याची नांगरट मागें पडली, जो आजारी झाला, अथवा ज्याचा बैल ऐन वेळीं मेला, तो शेजाऱ्यांस हाक घालतो. ते आपआपलीं औतें घेऊन येतात व एकट्यास जें काम पुष्कळ दिवस पुरलें असतें, तें सर्वजण मिळून झटपट उरकून टाकतात. मजुरी कोणी घेत नाहीं. मालकानें सर्वांस पोटभर जेवूं घालावें, एवढीच रीति. पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांतील डोंगराळ भागांत अशाच जातीची पडकई नांवाची चाल आहे. तेथें आदिवासी शेतकरी एकमेकांच्या उतारावर जमून माती खणतात, दगडांची ताल रचतात व भाताचीं खाचरें तयार करतात.

आतां विचारूं कीं, या चालींत हिशेब होता कीं नव्हता? सावडींत तो उघडच होता. दिवसास दिवस, बैलास बैल. इर्जिकींत तो दिसत नव्हता, परंतु होता. ज्यानें काल शेजाऱ्यांचीं औतें आपल्या शेतांत फिरविलीं, त्यानें आज दुसऱ्याची हाक येतांच घरांत पाय पसरून बसावें, हें गांवानें कधींच चालवून घेतलें नसतें. वही नव्हती, पण आठवण होती. तात्पर्य, आपले पूर्वज प्रेमळ होते म्हणून हिशेब करीत नव्हते, असें जें आपण कौतुकानें म्हणतों, तें पुरतें खरें नाहीं. ते हिशेब करीत होते. फक्त तो आण्या-पैशांत करीत नव्हते.

शिवाय या चालींची थोरवी सांगतांना एक गोष्ट लपवून ठेवणें न्याय्य होणार नाहीं. सावड सर्वांस मिळत नसे. जो गांवाशीं भांडला, ज्याची वस्ति गांवकुसाबाहेर होती, ज्याच्या जातीस लोक खालची मानीत, अथवा जी विधवा आपल्या घरचा पुरुष दुसऱ्याच्या शेतीं पाठवूं शकत नव्हती, त्यांच्या बांधावर औत घेऊन कोण येणार? आज ट्रॅक्टर तासाच्या अथवा एकराच्या भाड्यानें मिळतो. त्याच्या धुरानें इर्जिकीची पंगत उठविली हें खरें. परंतु भाडें मोजणाराची जात तो विचारीत नाहीं, आणि विधवेस दहा दारांशीं तोंड वेंगाडावें लागत नाहीं, हेंही तितकेंच खरें. रोख हिशेब हा नेहमीं प्रेमाचा वैरी असतो असें समजूं नये. ज्याच्या वांट्यास प्रेम आलेंच नाहीं, त्यास कधीं कधीं हिशेबच न्याय देतो.

शेतांतून आतां घरांत येऊं. गिरणी गांवोगांव येण्यापूर्वीं पहाटेच्या अंधारांत घरोघर जातें फिरत असे. दोघी समोरासमोर बसत. खुंटा एकच, त्यावर एक हात हिचा व एक हात तिचा. धान्याची मूठ पडे, पीठ भोंवतीं सांडे, आणि कष्टाच्या त्या लयींतून ओवी निघे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहांत त्या प्रसिद्ध होऊं लागल्या. ज्या बायांस लिहितां येत नव्हतें, ज्यांस घरांत कोणी मत विचारीत नव्हतें, त्यांनीं दळतां दळतां एवढें भांडार रचलें! यावरून हें दिसतें कीं, दोन माणसांनीं एक ओझें धरलें म्हणजे तें नुसतें हलकें होत नाहीं, तर कधीं कधीं तेंच विरंगुळा बनतें. वाकळ शिवण्याचेंही तसेंच. जुनीं लुगडीं एकावर एक अंथरून चौघी शेजारणी दुपारीं चार कोपऱ्यांस बसतात. सुई चालते आणि तिच्याबरोबर बोलणें चालतें. काम कोठें संपलें व छंद कोठें सुरू झाला, हें त्यांस विचारलें तर सांगतां येणार नाहीं. खुंटा एक असतो तेव्हां कोणी किती फेरे दिले हें कोण मोजतो? वाकळ पुरी झाल्यावर कोणाचे टांके किती, हें कोण पाहतो?

परंतु येथेंही सावधपणें बोललें पाहिजे. जात्याचीं गाणीं गोड खरीं; पण त्या गाण्यांत माहेरच्या ओढीबरोबर सासरच्या जाचाचें रडणेंही आहे. पहाटे उठवीत ते कोणास? घरच्या थोरल्या लेंकास नव्हे. म्हणून गिरणी आली तेव्हां बायांस जें सुख झालें, त्याविषयीं ज्यानें स्वतः कधीं खुंटा धरला नाहीं त्यानें हळहळूं नये. आणि दळण गेलें म्हणून ओझें सारखें वांटलें गेलें, असेंही झालेलें नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ८१ जणी घरचें बिनमोबदला काम करीत होत्या, आणि त्या कामास रोज सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळ जवळ पांच तास देत होत्या. शंभर पुरुषांपैकीं तें काम करणारे सुमारें २६ निघाले, आणि जे करीत होते तेही रोज सरासरी ९७ मिनिटेंच करीत होते. वाचकहो, या आंकड्यांत आपलें घर कोठें बसतें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आतां पहिलें वचन कसोटीस लावूं. "आपल्या माणसांत कसला हिशेब?" या वचनांत मोठें सत्य आहे. आई तान्ह्या लेंकरासाठीं किती रात्री जागली याची वही ठेवीत नाहीं. ठेवील तर ती आई कसली? मित्राच्या लग्नांत मांडव घालतांना घटका मोजणारा मित्र नव्हे, तो मजूर होय. आणि मजूर असणें कमीपणाचें नसलें, तरी मजुरास मित्र म्हणवून घेण्याचें कारण नाहीं. हें सर्व खरें. परंतु हें वचन बहुतकरून कोणाच्या तोंडीं ऐकूं येतें, याकडे कधीं लक्ष दिलें आहे काय?

समजा, दोघे भाऊ आहेत. थोरला गांवीं वडिलोपार्जित शेत करतो; धाकटा शहरांत नोकरीस आहे. म्हातारी आई थोरल्याकडे. तिला उठविणें, बसविणें, न्हाऊं घालणें, रात्रीं तिच्या खोकल्याबरोबर उठणें, हें सर्व थोरल्याची बायको करते. दिवाळीस धाकटा येतो, आईच्या पायां पडतो, मुलांस खाऊ देतो, आणि जातांना ज्वारीचें एक पोतें व तुरीची डाळ गाडींत ठेवून घेतो. वहिनी संकोचानें म्हणते, "भाऊजी, आत्याबाईंच्या औषधाला आतां बरेच पैसे लागतात हो." तो हंसून म्हणतो, "वहिनी, आपल्यांत कसला आला हिशेब?" त्याच्या मनांत कपट नाहीं, त्याचें आईवर प्रेमही आहे. परंतु या वाक्यानें हिशेब नाहींसा झाला काय? नाहीं. हिशेब होता तेथेंच राहिला. फक्त तो वाचण्याची मनाई झाली. आणि मनाई करणारा कोण? ज्याच्या नांवावर बाकी निघते तोच.

थंडीच्या दिवसांत हुरड्याची मजा असते, तेथेंही हाच धडा शिकतां येतो. शेतांत आगटी पेटते, गोंवऱ्यांच्या निखाऱ्यांत ज्वारीचीं कोंवळीं कणसें भाजतात, लसणीच्या चटणीचा वास सुटतो, आणि मित्रमंडळी गोल करून बसते. एवढें निर्मळ सुख दुसरें क्वचितच असेल. परंतु नीट पाहिलें तर दिसेल कीं, तीं तापलेलीं कणसें हातावर चोळून दाणे काढणारा एकच जण आहे; त्याचे तळहात लाल झाले आहेत, आणि तो अजून एक घांसही खाऊं शकलेला नाहीं. सभोंवारचे म्हणतात, "काय मजा आली!" मजा आली खरी; पण ती कोणाच्या हातांवरून आली, हें ज्यास दिसत नाहीं, त्याचें प्रेम अर्धें आंधळें होय. ज्यास हिशेब नकोसा वाटतो, तो बहुधा घेणाऱ्यांच्या रांगेंत बसलेला असतो.

मग दुसरें वचन धरावें काय? चोख हिशेब ठेवावा काय? यांतही सत्य आहे. बाया आपसांत भिशी लावतात. दरमहा ठराविक रक्कम टाकतात व पाळीपाळीनें उचलतात. तेथें कोणी किती टाकले हें लिहून ठेवतात, आणि लिहून ठेवतात म्हणूनच त्यांची मैत्री टिकते. सामाईक विहिरीवर दोन भावांच्या पाळ्या वीज येण्याच्या तासांवर ठरलेल्या असतात. तो तास न पाळणें म्हणजे भावाच्या तोंडचें पाणी पळविणें होय. पैसा, पाणी व जमीन या तीन गोष्टींत तोंडी प्रेमावर विसंबणारे अखेरीस कोर्टाची पायरी चढतात. येथें कागद हाच प्रेमाचा रखवालदार आहे.

परंतु हाच कागद मनुष्याच्या प्रत्येक कृत्यावर पसरला म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर लग्नांतील आहेराची वही पाहावी. कोणी किती रुपये दिले, कोणी पातळ दिलें, कोणी भांडें दिलें, हें मांडवांत एक जण लिहीत बसतो. हेतु चांगला कीं, त्याच्या घरीं कार्य निघालें असतां आपणही तितकेंच न्यावें. पण पुढें काय होतें? ज्याच्या घरीं खावयास नाहीं तोही कर्ज काढून आहेर नेतो, कारण वहींत त्याचें नांव आहे. आणि आहेर घेणारा वस्तु हातीं येतांच तिची किंमत मनांत करतो. "आहेर आणूं नये" असें कित्येक लग्नपत्रिकांवर छापूं लागले, तें या ओझ्यास कंटाळूनच. मार्सेल मोस नांवाच्या फ्रेंच पंडितानें १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत पृथ्वीवरील निरनिराळ्या लोकांच्या चाली तपासून असें दाखविलें कीं, देणग्या वरून खुषीच्या दिसल्या तरी त्यांत तीन बंधनें असतात : द्यावें, घ्यावें व परत करावें. हीं बंधनें माणसांस एकमेकांशीं जोडतात. परंतु तींच आवळलीं म्हणजे गळफांस होतात. जो देतांनाच परतीचा दिवस मोजतो, त्यानें दान दिलें नाहीं. त्यानें फक्त व्याज न सांगतां कर्ज दिलें.

तर मग दोन्ही वाटा खड्ड्यांत जातात, असें म्हणावें काय? तसें नाहीं. येथें एका जुन्या विचारवंताचें साह्य घेऊं. सेनेका नांवाचा रोमी तत्त्वज्ञ ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत होऊन गेला. उपकार कसे करावे व कसे घ्यावे, याविषयीं त्यानें सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील एका विचाराचा आशय असा कीं, उपकार करणाऱ्यानें तो विसरून जावा, आणि घेणाऱ्यानें तो कधीं विसरूं नये. या एका गोष्टीनें आपल्या प्रश्नाची गांठ पुष्कळशी सुटते. हिशेब असावा कीं नसावा, हा खरा प्रश्नच नव्हे. हिशेब कोणी ठेवावा, हा खरा प्रश्न आहे. देणारानें ठेविला तर तो सावकार होतो. घेणारानें ठेविला तर तो कृतज्ञ होतो. वही तीच, आंकडे तेच. पण हात बदलला कीं तिचा स्वभाव बदलतो.

त्याच ग्रंथांत सेनेकानें आणखी एक प्रश्न घातला आहे. दासानें धन्यासाठीं कांहीं केलें, तर त्यास उपकार म्हणतां येईल काय? पुष्कळ लोक म्हणत, 'नाहीं. तें त्याचें कामच.' सेनेका म्हणतो, 'होय, येईल'. कारण जें सक्तीच्या पलीकडे जाऊन मनापासून केलें, तें कोणीं केलें यावरून त्याचें मोल कमी होत नाहीं. हें वाचून आपण आपल्या घराकडे वळावें. "तिचें तें कामच आहे," असें आपण कितीदां म्हणतों! सुनेनें म्हाताऱ्या सासूचें अंथरूण धुतलें, तर तें तिचें कामच. लेंकीनें शाळेंतून येऊन धाकट्या भावास संभाळलें, तर तें तिचें कामच. पण लेंकानें एकदां बापाचे पाय चेपले, तर तो श्रावणबाळ! ज्याचें काम आपण 'कामच' म्हणून टाकून देतों, त्याचें देणें आपण बुडवितों. आणि बुडविलें हें आपणांस कळतही नाहीं, हें त्याहून वाईट.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, "घेणारानें आठवण ठेवावी हें ठीक, पण तो ठेवीत नसला तर? देणारानें जन्मभर विसरत बसावें काय? हा उपदेश तर दुबळ्यासच आणखी दुबळा करील." आक्षेप खरा आहे, आणि त्यास टाळून पुढें जातां येत नाहीं. विसरण्याचा उपदेश ज्यास अगोदरच कोणी विचारीत नाहीं त्यास करणें, हा क्रूरपणा होय. तेव्हां दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, आपलें दुःख सांगणें व दुसऱ्याचें देणें मागणें, या वेगळ्या गोष्टी आहेत. "मी थकलें, हें माझ्या एकटीच्यानें होत नाहीं," असें म्हणण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, त्यानें कोणी सावकार होत नाहीं. उलट न सांगतां मनांत कुढत राहिल्यानें जी कटुता साचते, ती मोठमोठ्या वसुलीपेक्षां घरास जास्त जाळते. दुसरी गोष्ट, जो तिऱ्हाईत पाहत असतो त्यानें बोललें पाहिजे. वहिनी स्वतः म्हणाली तर ती मागणारी ठरते, पण थोरला भाऊ म्हणाला, मामा म्हणाला, शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, तुझ्या आईचें सर्व ही करते, तूं काय करतोस?" तर त्यांत मागणें नाहीं, साक्ष आहे. घरांत व गांवांत अशी साक्ष देणारीं माणसें असणें, ही मोठी संपत्ति होय. गांवचे गुरुजी, वडीलधारे व ज्यांचा शब्द मानला जातो अशा सर्वांचें हें कर्तव्य आहे.

आणखी एक शंका राहते. ज्याच्यानें परत करवतच नाहीं त्यानें काय करावें? निराधार म्हातारीच्या घरावर शेजाऱ्यांनीं पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारून दिलीं. ती त्यांच्या छपरावर कशी चढणार? याचें उत्तर असें कीं, परत करणें म्हणजे तेंच नाणें परत करणें नव्हे. तिच्याजवळ वालाचें व भोपळ्याचें जुनें बियाणें आहे. तान्ह्या मुलाचें पोट दुखलें असतां काय करावें याचा अनुभव आहे. आईबाप शेतावर गेले असतां चार पोरें अंगणांत खेळविण्याइतका वेळ आहे. ती हें देऊं लागली म्हणजे पुष्कळ भले लोक म्हणतात, "राहूं द्या म्हातारे, तुमच्याकडून काय घ्यावयाचें!" हें बोलणें वरून दयेचें आहे, पण आंतून मानभंग करणारें आहे. ज्यास नुसतें घ्यावेंच लागतें, त्याची मान हळू हळू खालीं जाते. म्हणून देण्याइतकेंच घेणेंही शिकलें पाहिजे. गरिबाच्या हातची मूठभर शेंगांची परतफेड आनंदानें पदरांत घेणें, हा देखील त्यावर केलेला उपकारच होय; आणि तो केल्यावर आपण विसरून जावा.

येणेंप्रमाणें विचार केल्यावर कांहीं सोप्या गोष्टी आचरणांत आणतां येतील. पहिली : पैसा, पाण्याची पाळी व जमिनीची हद्द यांचा हिशेब कागदावर लिहावा, आणि लिहितांना लाजूं नये. दुसरी : हाताच्या कामाचा हिशेब घेणारानेंच ठेवावा. रात्रीं अंथरुणावर पडण्यापूर्वीं आज आपल्यासाठीं कोणाचे हात राबले, हें आठवावें. पाणी कोणीं भरलें, भाकरी कोणीं थापली, आपण बाहेर असतां गुरांस वैरण कोणीं घातली. आठवून उगीच राहूं नये. त्या माणसाजवळ तें बोलून दाखवावें. तिसरी : नुसत्या गोड शब्दांनीं बाकी फिटत नाहीं. पाहणींतील ते २९९ व ९७ हे आंकडे थोडे जवळ यावयाचे असतील, तर पुरुषांनीं दळण गिरणीवर नेणें, सरपण फोडणें, आजाऱ्यापाशीं एक रात्र जागणें, भांडीं घासणें, यांपैकीं कांहीं तरी आजपासून आपल्या पाळीस घ्यावें. आणि तें केल्याबद्दल कौतुकाची वाट पाहूं नये. शहरांत राहणाऱ्या भावानें वर्षांतून दोन आठवडे येऊन आईची उस्तवार स्वतः करावी, म्हणजे बाकीचे पन्नास आठवडे काय असतात हें त्यास समजेल. चौथी : हुरडा असो, भजन असो, वाकळ असो वा परसांतील भाजीचा वाफा असो, जेथें आनंद मिळून घ्यावयाचा तेथें कणीस चोळणारा दरवेळीं निराळा असावा.

मग त्या दोन वचनांचें काय झालें? दोन्ही खरींच ठरलीं; पण निरनिराळ्या तोंडीं. "आपल्या माणसांत कसला हिशेब?" हें देणाऱ्याच्या तोंडीं शोभतें. "व्यवहार चोख पाहिजे," हें घेणाऱ्याच्या तोंडीं शोभतें. थोरल्यानें पोतें गाडींत ठेवतांना पहिलें म्हणावें. धाकट्यानें तें घेतांना दुसरें म्हणावें. मग घरांत प्रेमही राहील व न्यायही राहील. वचनांची अदलाबदल झाली कीं मात्र दोन्ही विषारी होतात, आणि आपल्या बहुतेक भांडणांचें मूळ या अदलाबदलींत सांपडेल.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकीं प्रत्येकजण कोठें देणारा आहे व कोठें घेणारा आहे. देण्याच्या जागा आपणांस पाठ असतात. त्या मोजावयास कोणी सांगावें लागत नाहीं. घेण्याच्या जागा मात्र अंधारांत असतात. आज संध्याकाळीं जेवावयास बसतां तेव्हां भाकरी वाढणाऱ्या हाताकडे एकवार पाहा, आणि त्या हातानें अजून घांस घेतला आहे काय, हें विचारा. नसेल, तर आपली पहिली बाकी कोणाकडे आहे, हें शोधण्यास दूर जावें लागणार नाहीं.